दोर तुटतो तेव्हा

संक्रांतीच्या सुमारास गावोगावची आकाशे पतंगांनी फुलून जातात. पतंग उंच चढत असतो तेव्हा तो वाऱ्याकडे तोंड करून तिरपा उभा असतो. मांजा त्याला खाली ओढत असतो आणि वारा त्याला वर ढकलत असतो. या दोन ओढींच्या जोरावरच तो आकाशात ठाण मांडून राहतो. मग कोणाची तरी पेच लढवण्याची हौस आड येते, मांजा तुटतो, आणि हाताला जाणवणारी ती गोड ओढ एका क्षणात नाहीशी होते. पतंग पळभर जागच्या जागी थबकतो, मान टाकतो आणि गिरक्या खात, हेलकावत, वारा नेईल तिकडे खाली येऊ लागतो. मुले आरडाओरडा करीत त्याच्यामागे धावतात. पतंग कोठे पडेल, कसा पडेल, याची कोणालाच पर्वा नसते. कागदाचा आणि कामट्यांचा जीव तो! फाटला तर दुसरा आणता येतो.

पण ज्या पतंगात माणूस बसला आहे, अशा पतंगाचा दोर तुटला तर?

ही नुसती कल्पना नव्हे. जगातील अनेक देशांत, रोजच्या रोज, असे माणूस बसलेले पतंग दोराने ओढून आकाशात चढवले जातात. त्यांना ग्लायडर असे म्हणतात. आणि त्यांचे दोर कधी ना कधी तुटतातच. तरीही ग्लायडर पतंगासारखा मान टाकीत नाही. तो वळतो, सावरतो आणि अलगद जमिनीवर उतरतो. पतंग आणि ग्लायडर यांच्यात हा फरक कशामुळे पडतो, ते आपण या पाठात पाहू.

ग्लायडर म्हणजे एंजिन नसलेले विमान. त्याला पंख असतात, शेपूट असते, वैमानिकाची बैठक असते. नसतो तो फक्त एंजिनाचा जोर. घार जशी पंख न हलवता आकाशात तरंगते, तसा तो तरंगतो. खरे पाहता तो सदैव खालीच घसरत असतो. परंतु ही घसरण इतकी मंद असते की, शिकाऊ वैमानिकांसाठी वापरला जाणारा चांगला ग्लायडर एक मीटर खाली येईपर्यंत तीस मीटरांहून अधिक अंतर पुढे जातो. वाटेत तापलेल्या जमिनीवरून वर चढणारा हवेचा प्रवाह मिळाला, तर त्यात घिरट्या घालीत तो पुन्हा उंच जातो. मात्र प्रथम आकाशात चढण्यासाठी त्याला कोणाची तरी मदत घ्यावीच लागते.

ही मदत घेण्याचे मार्ग काळाप्रमाणे बदलत गेले. ऑटो लिलिएंटाल या जर्मन संशोधकाने १८९१ पासून पुढे पाच वर्षे टेकड्यांच्या उतारावरून धावत जाऊन स्वतः बनवलेल्या पंखांच्या साह्याने दोन हजारांच्या आसपास उड्डाणे केली. पुढे पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर एंजिनाची विमाने बांधण्याबाबत कडक बंधने आली. तेव्हा तेथील तरुणांनी आपली उड्डाणाची हौस बिनएंजिनाच्या विमानांवर भागवली. १९२० साली वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर त्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या. काही जण रबरी दोर दोन्ही बाजूंनी ताणीत उतारावरून धावत आणि गलोलीतून खडा सुटावा तसा ग्लायडर हवेत सुटे. पण त्यासाठी डोंगर हवा. सपाट मैदानावरून ग्लायडर उडवावयाचा तर दुसरी युक्ती हवी. ती युक्ती म्हणजे विंच.

आपल्या देशातही ही विद्या रुजली. पुण्याजवळ हडपसर येथील ग्लायडिंग केंद्राच्या मैदानावरून विंचच्या दोराने कित्येक तरुण आकाशात चढले. 'रोहिणी' नावाचा, दोन माणसांनी शेजारी शेजारी बसावयाचा भारतीय बनावटीचा ग्लायडर १९६१ साली प्रथम उडाला आणि पुढे बरीच वर्षे त्यावर नवशिक्यांचे शिक्षण झाले.

विहिरीवरचा रहाट तुम्ही पाहिला असेल. दोर गुंडाळला जातो तसतशी बादली वर येते. विंच म्हणजे असाच एक जबरदस्त रहाट. मात्र तो हाताने नव्हे, तर शक्तिशाली एंजिनाने फिरतो. मैदानाच्या एका टोकाला विंच उभा असतो आणि दुसऱ्या टोकाला ग्लायडर. मध्ये सुमारे एक किलोमीटर लांबीचा दोर जमिनीवर पसरलेला असतो. पूर्वी हा दोर पोलादी तारांचाच असे. आता पुष्कळ ठिकाणी कृत्रिम धाग्यांचे हलके पण तितकेच बळकट दोर वापरतात. ग्लायडरच्या पोटाखाली एक आकडा असतो. त्यात दोराच्या टोकाची कडी अडकवतात. बैठकीत वैमानिकाच्या हाताशी एक पिवळी मूठ असते. ती ओढली की आकडा उघडतो आणि दोर सुटतो.

एक जण पंखाचे टोक धरून उभा राहतो. इशारा होतो. विंच प्रथम सैल दोर हळूहळू ओढून घेतो आणि दोर ताठ झाला की पुढचा इशारा मिळताच पूर्ण जोराने फिरू लागतो. ग्लायडर काही क्षणांतच धावू लागतो आणि जमीन सोडतो. सुरुवातीला तो बेताबेताने चढतो. वेग आणि उंची पुरेशी झाली, की वैमानिक नाक हळूहळू वर करीत नेतो. शेवटी ते क्षितिजापासून सुमारे पंचेचाळीस अंशांपर्यंत वर होते. बैठकीतून समोर नुसते आकाश दिसते. वेग ताशी शंभर किलोमीटरांच्या आसपास असतो. अर्ध्या पाऊण मिनिटात ग्लायडर दोराच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे तीनशे ते चारशे मीटर उंची गाठतो. मग वैमानिक नाक खाली करतो, दोर सोडून देतो, आणि दोराच्या टोकाशी असलेली लहानशी छत्री उघडून दोर वेगात न आदळता खाली येतो.

या चढणीत ग्लायडर अगदी पतंगासारखाच असतो. दोराची ओढ आणि हवेचा रेटा या दोहोंच्या तोलावर तो उभा असतो. अशा वेळी दोर तुटला तर काय होईल, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

दोर तुटावाच कशाला, असे तुम्ही विचाराल. दोर दिवसभर मैदानावरून फरपटत येतो. खडे, वाळू आणि गवताची खुंटे यांवर तो घासतो. विंचच्या कप्प्यांतून तो हजार वेळा वाकतो. कोठे पीळ पडतो, कोठे सांध्याची गाठ झिजते. रोज सकाळी दोर डोळ्यांखालून घातला, तरी आतून झिजलेली एखादी जागा नजरेतून सुटते.

दुसरे कारण ऐकून तुम्हांला नवल वाटेल. दोरात एक कच्चा दुवा मुद्दाम ठेवलेला असतो! ही धातूची एक लहानशी पट्टी असते. प्रत्येक जातीच्या ग्लायडरला किती ओढ सोसेल ते ठरलेले असते. त्याप्रमाणे निरनिराळ्या बळाच्या पट्ट्या असतात आणि त्या चटकन ओळखू याव्यात म्हणून त्यांना निरनिराळे रंग दिलेले असतात. वाऱ्याचा जोराचा झोत आला किंवा विंच वाजवीपेक्षा जोराने फिरला, तर पंखांवर असह्य ताण येण्यापूर्वी ही पट्टी तुटते. घरातील विजेच्या फ्यूजची तार जशी स्वतः जळून घर वाचवते, तशी ही पट्टी स्वतः तुटून पंख वाचवते. म्हणजे दोराचे तुटणे हे दर वेळी दुर्दैवच असते असे नाही. कित्येकदा ते मोठ्या संकटातून झालेले रक्षण असते. तिसरे कारण म्हणजे विंचचे एंजिनच अचानक बंद पडणे. तेव्हा आवाज होत नाही, हिसका बसत नाही. फक्त ओढ मंदावत जाते. ही गोष्ट अधिक फसवी, म्हणून वैमानिकाची नजर चढताना वेगदर्शकावर वरचेवर गेलीच पाहिजे.

आता त्या क्षणाकडे वळू. ग्लायडर शंभर मीटर उंचीवर आहे. नाक आकाशाकडे आहे. इतक्यात खाड् असा आवाज होतो, एक हिसका बसतो आणि ओढ संपते.

चढण चढणारी सायकल आठवा. पायडल मारणे थांबवले की सायकलचा वेग झपाट्याने कमी होतो; कारण तिचे वजन तिला मागे ओढत असते. ग्लायडर तर याहून किती तरी उभ्या चढणीवर असतो. गणित केले तर असे दिसते, की नाक पंचेचाळीस अंशांवर तसेच राहिले, तर केवळ वजनामुळे त्याचा वेग दर सेकंदाला ताशी सुमारे पंचवीस किलोमीटरांनी घटतो. शंभराचे पंचाहत्तर, पंचाहत्तराचे पन्नास! म्हणजे 'हे काय झाले?' असे मनाशी म्हणण्यातच दोन सेकंद गेले, तरी निम्मा वेग निघून गेलेला असतो.

वेग गेला तर काय बिघडते? सर्वच बिघडते. पंख हवेत विमानाला तोलून धरतात ते हवा त्यांवरून पुरेशा वेगाने व योग्य कोनातून वाहते तोवरच. वेग फार घटला आणि तरीही नाक वर ठेवण्याचा अट्टहास केला, तर पंखावरून सुरळीत वाहणारी हवा त्याच्यापासून सुटी होते, तिच्यात भोवरे उठतात आणि पंखांचा आधार एकाएकी ढासळतो. यालाच वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. शिक्षणासाठी अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या एएसके २१ या जर्मन ग्लायडरची ही मर्यादा ताशी पासष्ट किलोमीटरांच्या आसपास आहे. उंचावर असताना स्टॉल झाला तर नाक खाली करून सावरता येते. पण जमिनीजवळ सावरण्यास जागाच नसते. लिलिएंटालचा अंत याच कारणाने झाला. ९ ऑगस्ट १८९६ रोजी हवेच्या झोताने त्याच्या ग्लायडरचे नाक वर झाले, वेग गेला, आणि सुमारे पंधरा मीटरांवरून तो कोसळला. दुसऱ्या दिवशी त्याने प्राण सोडले. पंखांचे जे मर्म त्याला प्राणांचे मोल देऊन कळले, ते आज प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला पहिल्या काही धड्यांतच शिकवले जाते.

म्हणून दोर तुटताच करावयाची पहिली गोष्ट एकच: नाक खाली. तत्काळ आणि निश्चयाने दांडी पुढे करून नाक क्षितिजाच्या खाली, उतरताना असते तितके आणावयाचे. येथे मनाशी एक झगडा होतो. संकटात माणसाचा स्वभाव उंचीला कवटाळण्याचा असतो. जमीन जवळ असताना नाक जमिनीकडे वळवणे त्याला जिवावर येते. पण ग्लायडरच्या बाबतीत उंचीला कवटाळणारा वेग गमावतो, आणि वेग गमावणारा शेवटी उंचीही गमावतो. जो थोडी उंची आनंदाने खर्च करतो, त्याच्या पदरी वेग पडतो आणि वेगाबरोबर विमानावरची हुकमतही येते.

दुसरी गोष्ट आहे थांबण्याची, आणि ती पहिलीपेक्षाही कठीण आहे. नाक खाली आले म्हणजे वेग आला, असे नव्हे. समोर मैदान दिसू लागते, सर्व काही नेहमीच्या उतरण्यासारखे भासते. परंतु वेगदर्शकाचा काटा कदाचित साठावरच असतो. तो काटा नव्वद ते पंचाण्णवपर्यंत चढावयास काही सेकंद लागतात आणि वीस-पंचवीस मीटर उंची खर्ची पडते. शिवाय नाक खाली करताना, झोका वरून खाली येताना होते तसे पोटात हलके हलके वाटते. नवशिक्याला वाटते, आपण कोसळतच आहोत. असल्या भासांवर विसंबून उपयोगी नाही. काट्यावर नजर ठेवावयाची आणि वेग पुरेसा दिसेपर्यंत दोन कामे मुळीच करावयाची नाहीत. एक, वळावयाचे नाही. दुसरे, वेग व उंची कमी करणाऱ्या पंखांवरील फळ्या, म्हणजे एअरब्रेक, उघडावयाचे नाहीत. त्यांची निळी मूठ तोवर मिटलेलीच राहिली पाहिजे.

वळण्याची घाई का घातक, तेही समजून घ्या. अपुऱ्या वेगाने वळू लागलेल्या ग्लायडरचा एक पंख दुसऱ्याच्या आधी आधार सोडतो. मग ग्लायडर त्या बाजूला कलंडून, नाक खाली करून, गरगर फिरत पडू लागतो. मांजा तुटलेल्या पतंगाची तीच ही गिरकी! उंचावर असताना कुशल वैमानिक तिच्यातून बाहेर पडतो; शंभर मीटरांवर त्याला तेवढा अवकाश मिळणे कठीण.

तिसरी गोष्ट: दोराचा जो तुकडा ग्लायडरला लोंबत राहिला असेल, तो सोडून देणे. दोर विंचजवळ तुटला असेल तर शेकडो मीटर लांबीची शेपटी खाली लोंबत असते; ती कुंपणात किंवा झाडात अडकली तर अनर्थ होईल. ओढ मागच्या बाजूने आली तर आकडा आपोआप उघडावा, अशी सोय त्यात केलेली असते. तरीही वैमानिकाने पिवळी मूठ स्वतः ओढावी, आणि एकदा नव्हे तर दोनदा ओढावी, असा दंडक आहे. मात्र क्रम चुकता कामा नये. आधी नाक, मग मूठ. मुठीच्या नादात नाक वर राहिले, तर ते मौल्यवान दोन सेकंद तिच्यावरच खर्च होतात.

या तीन गोष्टी झाल्या, की विमान वैमानिकाच्या ताब्यात आले. मगच चौथा प्रश्न: उतरावयाचे कोठे?

दोर खालीच, पन्नास-साठ मीटरांच्या आत तुटला असेल, तर प्रश्न सोपा असतो. समोर जवळजवळ सारे मैदान मोकळे पडलेले असते. सरळ पुढे जावे आणि उतरावे. उड्डाण वाऱ्याच्या समोर होत असल्यामुळे समोरचा वारा थांबण्यास मदतच करतो.

दोर फार वर, दीड-दोनशे मीटरांच्या पुढे तुटला असेल, तर पुढचे मैदान उतरण्यास अपुरे पडते. पण उंची हाताशी असते. वैमानिक मैदानाला लहानसा फेरा घालून नेहमीसारखा वाऱ्याच्या समोर उतरतो.

खरा विचार करावा लागतो तो या दोहोंच्या मधल्या उंचीवर. येथे अनुभवी माणसांनी एक साधा नियम घालून दिला आहे: समोर सुरक्षितपणे उतरता येत असेल, तर समोरच उतरावे. एअरब्रेक उघडले की ग्लायडर बराच तीव्र उताराने खाली आणता येतो, त्यामुळे पुढे जागा उरली नाही असे वाटते तेव्हाही ती बहुधा उरलेली असते. समोर जागा खरोखरच नसेल, तरच वळावे. वारा एका बाजूने येत असेल, तर प्रथम वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वारा जिकडे जात आहे तिकडे वळावे. मग परत मैदानाकडे वळताना तोंड आपोआप वाऱ्याकडे होते, आणि वळणे थोडी व सोपी होतात. वाऱ्याबरोबर खालून उडताना आणखी एक भूल पडते. जमीन भराभर मागे सरकताना दिसते आणि आपला वेग फार झाला असे वाटून हात नकळत दांडी मागे ओढतो. अशा वेळी डोळ्यांना जमिनीचा वेग दिसतो, पंखांना मात्र हवेचा वेग लागतो. खरे सांगणारा एकच, तो म्हणजे वेगदर्शक.

ही अंतरे आणि उंची सर्वत्र सारखी नसतात. मैदान लांब की आखूड, वारा जोराचा की मंद, ग्लायडर हलका की जड, यांवर ती बदलतात. तेव्हा दोर तुटल्यावर हा सगळा हिशोब करावयाचा म्हटले तर वेळ कोठून आणणार? म्हणून हिशोब आधीच केलेला असतो. आकड्यात कडी अडकवण्यापूर्वी वैमानिक बैठकीत बसून सर्व साधने तपासतो आणि शेवटी स्वतःशी स्पष्ट शब्दांत म्हणतो: "आज वारा उजवीकडून आहे. दोर खाली तुटला तर सरळ पुढे उतरेन. वर तुटला आणि समोर जागा नसेल तर डावीकडे वळेन. वेग नव्वद झाल्याखेरीज वळणार नाही." हे वाक्य प्रत्येक उड्डाणापूर्वी म्हणावयाचे, मग ते पहिले उड्डाण असो की हजारावे. दोर तुटणार नाही असे धरून चालणारा वैमानिक तुटल्यावर गोंधळतो. तो तुटणारच आहे असे धरून चालणारा, तो तुटला नाही तर नुसता आनंदतो.

जमीन सोडण्यापूर्वीच्या धावेतही सावध राहावे लागते. एखादा पंख खाली झुकून गवताला टेकू लागला, तर पुढे काय होते ते पाहत बसावयाचे नाही. तत्क्षणी पिवळी मूठ ओढून दोर सोडावयाचा. म्हणून त्या वेळी वैमानिकाचा डावा हात मुठीवरच असतो. तसेच जमीन सुटताच नाक घाईने वर करावयाचे नाही. वीस मीटरांवर नाक आकाशाला भिडवलेले असताना दोर तुटला, तर ते खाली आणून वेग घेण्यास जमीन आणि ग्लायडर यांच्यामध्ये जागाच राहत नाही. उंची वाढेल तसतसे नाक वर, ही मर्यादा पाळणाऱ्याला दोर कोठेही तुटला तरी सुटकेची वाट उरते.

आणि खाली जमिनीवर असणाऱ्यांचे काय? उड्डाण चालू असताना मैदानावर पसरलेल्या दोराजवळ कोणी उभे राहावयाचे नाही, तो ओलांडावयाचा नाही, त्याला हात लावावयाचा नाही. तुटलेला ताठ दोर चाबकासारखा उसळतो. विंच चालवणाऱ्यासमोर याचसाठी मजबूत जाळी असते, आणि प्रसंग पडल्यास दोर क्षणात तोडून टाकण्यासाठी विंचवर कापणीचे पातेही असते.

हे सारे वाचून कळते. पण कळणे आणि हाताला वळणे यांत अंतर आहे. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी पोहत नाही. म्हणून शिकाऊ वैमानिकाला एकट्याने उडण्याची परवानगी देण्यापूर्वी गुरू एक कठोर वाटणारी गोष्ट करतो. मागच्या आसनावर बसून, ऐन चढणीत, काहीही न सांगता तो स्वतःच पिवळी मूठ ओढतो! कधी खाली, कधी वर, कधी मधल्या अवघड उंचीवर. शिष्याने नाक खाली करावयाचे, वेगाची वाट पाहावयाची, दोर सोडावयाचा, जागा निवडावयाची आणि उतरावयाचे. पहिल्या खेपेस त्याचे काळीज धडधडते. पुढे पुढे हात आपोआप चालतो आणि मन मोकळे राहून जागा निवडते. असा सराव वैमानिकाला आयुष्यभर वरचेवर करीत राहावा लागतो, कारण न वापरलेले ज्ञान गंजते.

या शिस्तीचे फळ किती मोठे असते, याचे एक उदाहरण इंग्लंडात घडले. तेथील ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशन या संस्थेने विंचच्या उड्डाणांतील अनेक वर्षांच्या अपघातांचा बारकाईने अभ्यास केला आणि २००५ साली सुरक्षित विंचउड्डाणाची मोहीम हाती घेतली. कोणतेही नवे यंत्र त्यांनी आणले नाही. पंख झुकताच दोर सोडा, नाक घाईने वर नेऊ नका, दोर तुटताच नाक खाली करा, वेग येईपर्यंत वळू नका: हीच जुनी सूत्रे त्यांनी प्रत्येक क्लबात, प्रत्येक शिक्षकाकडून, पुन्हा पुन्हा घोकून घेतली. पुढील वर्षांत अशा उड्डाणांतील गंभीर आणि प्राणघातक अपघातांचे प्रमाण पूर्वीपेक्षा पुष्कळच कमी झाले. कित्येक घरांतील मुले आणि मुली संध्याकाळी सुखरूप परत आल्या, त्या चार साध्या सूत्रांमुळे.

सिंहगडावर परतीचे दोर कापल्याची कथा आपल्याकडे परंपरेने सांगितली जाते. दोर गेले, आता मागे फिरणे नाही, म्हणून मावळे निकराने लढले. आकाशातही दोर तुटला की मागची ओढ संपते आणि वैमानिक एकटा उरतो. मात्र तेथे कामास येतो तो त्वेष नव्हे, तर विवेक. हट्ट सोडून नाक झुकवण्याचा विनय, काटा चढेपर्यंत थांबण्याचा संयम आणि जमिनीवर असतानाच केलेला निश्चय, एवढे ज्याच्यापाशी आहे, त्याला तुटलेल्या दोराचे भय नाही. पतंगाला पंख असतात, पण मन नसते. म्हणून मांजा तुटताच तो वाऱ्याचा होतो. ग्लायडर मात्र दोर तुटल्यावरही आपल्या वैमानिकाचाच राहतो.

अभ्यास

१. चढणारा ग्लायडर आणि उडणारा पतंग यांत कोणते साम्य आहे? कोणता फरक आहे?

२. दोर तुटण्याची तीन कारणे सांगा. 'कच्चा दुवा' मुद्दाम का ठेवतात?

३. दोर तुटल्यावर वैमानिकाने करावयाच्या गोष्टी क्रमाने लिहा. 'आधी नाक, मग मूठ' असे का म्हटले आहे?

४. 'उंचीला कवटाळणारा वेग गमावतो.' या वाक्याचे चार-पाच ओळींत स्पष्टीकरण करा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : ठाण मांडणे, जिवावर येणे, पदरी पडणे, डोळ्यांखालून घालणे.

६. संकट येण्यापूर्वीच त्याचा विचार करून ठेवल्यामुळे लाभ झाला, असा तुमच्या माहितीतील एखादा प्रसंग दहा ओळींत लिहा.